मॅडम, मेलेल्या लोकांचं वाचून काय व्हतंय?

या वेळचं पत्र आपल्या सोलापुरातल्याच एका शिक्षिकेचं आहे. नाव आणि शाळा छापू नका म्हणाली, म्हणून देत नाही. पत्र मोठं होतं, थोडं कमी करून देते.

"बाई, मी लातूरकडची. शिक्षण सेवक म्हणून सोलापूरला लागले त्याला दीड वर्ष झालं. शाळा पूर्व भागात, मराठी माध्यमाची. आठवी आणि दहावीचा इतिहास माझ्याकडे आहे. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड, काही मुसलमान मुलं आहेत. दिवाळीच्या सुट्टीआधी दोन गोष्टी झाल्या. दहावीतला एक मुलगा संध्याकाळी पॉवरलूमवर जातो, त्यानं भर वर्गात विचारलं, मॅडम, मेलेल्या लोकांचं वाचून काय व्हतंय? सगळे हसले, मीही हसले आणि पुढचा मुद्दा घेतला, पण खरं सांगते मला उत्तर आलं नाही. दुसरं म्हणजे आठवीतल्या एकानं मोबाईलवर कुठलंतरी रील बघून मधल्या सुट्टीत शेजारच्या दोस्ताला सुनावलं की तुमच्या लोकांनी आमच्या लोकांना असं असं केलं. दोघं आता वेगळ्या बाकावर बसतात. मी दोघांनाही रागावले आणि तास पुढं सुरू केला. हेडमास्तर सर म्हणतात पोर्शन संपवा, प्रश्नोत्तरं लिहून द्या, इतिहासात कोण नापास होत नाही. मला वाटायला लागलंय की मी इतिहास शिकवत नाही, डिक्टेशन देते. पुढच्या वर्षी मराठी विषय मागून घेऊ का? आणि इतिहास शिकवायचा तरी कशासाठी?"

पोरी, पहिलं सांगते, मराठी मागू नकोस. एका पोराच्या प्रश्नानं जिची दिवाळीची सुट्टी नीट गेली नाही तिनंच इतिहास सोडला तर तो तास कुणाकडं जाणार हे तुलाही माहितीय, ज्याचं टाइमटेबल मोकळं असेल त्याच्याकडं. मी ३१ वर्षं याच गावात इतिहास शिकवला आणि त्यातली पहिली सात-आठ वर्षं मी पण डिक्टेशनच दिलं, कारणे लिहा, टीपा लिहा, पोरांच्या माना खाली आणि माझा आवाज वर. म्हणून तुझं पत्र वाचून मला राहवलं नाही, बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी तुला लिहायला बसले.

त्या पॉवरलूमवाल्या पोराचं आधी. त्याला उत्तर म्हणून भाषण देऊ नकोस. इतिहासातून प्रेरणा मिळते, जो इतिहास विसरतो तो इतिहास घडवू शकत नाही, ही वाक्यं पोरांनी १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला इतक्या वेळा ऐकलेली असतात की ती कानावरून निघून जातात. दहावीच्या पुस्तकात उपयोजित इतिहास नावाचा अख्खा धडा आहे, इतिहासाचा उपयोग काय हेच त्यात आहे, तो पण त्याच्यापुढं वाचून दाखवलास तर काही होणार नाही. त्याला उलट प्रश्न विचार. तुझं घर सोलापूरला कधी आलं? पहिलं कोण आलं, आजोबा का पणजोबा? कुठल्या गावाहून? तिकडं काय करायचे? इथं आल्यावर पहिलं काम कुठं लागलं, खड्डामागावर, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या हातमागावर, का मिलमध्ये? त्याला बहुतेक माहीत नसेल. नसू दे, आज्जीला विचारून ये म्हणावं. पूर्व भागातली कितीतरी पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाची घरं तेलंगणातून आलेली आहेत, घरात तेलुगू बोलतात, पण आपण इथं का आलो हे पोरांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मग दुसऱ्या दिवशी फळ्यावर फक्त तीन सन लिही. १८६०, सोलापूरला रेल्वे आली. १८७६ ते १८७८, दख्खनचा मोठा दुष्काळ, आपला जिल्हा त्यात होरपळून निघाला. १८७७, सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे आपली जुनी मिल. आणि पोरांना सांग, या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध असेल ते तुम्ही बोला, मी दहा मिनिटं गप्प बसते. गप्प बसणं फार अवघड जातं आपल्याला, पण बस. कोण म्हणेल रेल्वे आली, माल न्यायची सोय झाली, म्हणून मिल निघाली. कोण म्हणेल दुष्काळात लोक गावं सोडून आले, कामाला माणसं स्वस्तात मिळाली असतील. माझ्या वर्गात एकदा एका पोरीनं विचारलं होतं, बाई, एवढ्या दुष्काळात मिल काढायला पैसा कुणाकडं होता? पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं आणि माझ्याकडंही नव्हतं, पण त्या प्रश्नानंतर आठवडाभर तो वर्ग जागा होता, भांडवल म्हणजे काय हे मला वेगळं शिकवावं लागलं नाही, मुंबईचा पैसा सोलापूरला का आला हे शोधता शोधता त्यांना ते कळलं.

त्या तीन सनांच्या खाली चौथा सन त्या पोराच्या घराचा लिही, पणजोबा सोलापूरला आले तो, अंदाजे असला तरी चालेल, आज्जी म्हणेल अमक्या दुष्काळात, तमक्याच्या लग्नाच्या आदल्या वर्षी, त्यावरून सन काढायला लाव, तो पण इतिहासच आहे. पाचवा सन मिल बंद पडल्याचा. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडली तेव्हा मी तरुण शिक्षिका होते, माझ्या वर्गातल्या पोरांचे वडील घरी बसले, काही पोरं वर्षाच्या मध्येच शाळेतून गेली, भोंगा बंद झाला तर कितीतरी दिवस आमच्या गल्लीत लोकांना वेळ कळत नव्हती. ज्यांचे बाप घरी बसले त्यांच्या आयांनी विड्या वळून घर चालवलं. तुझा पोरगा संध्याकाळी मागावर का उभा असतो आणि त्याच्याच बाकावरचा दुसरा ट्यूशनला का जाऊ शकतो, याचं उत्तर शाळेतला दुसरा कुठला विषय देतो ते मला सांग. हे असं का आहे, आणि कधीपासून आहे, आणि कायमच असं होतं का. मला तरी इतिहास शिकवायचं कारण हे एवढंच कळलंय. जे आज आहे ते पहिल्यापासून असंच होतं असं पोराला वाटलं की तो ते गपचूप मान्य करून टाकतो.

पण इथं एक सांगायलाच पाहिजे, कारण मी यात चुकले आहे. घरचा इतिहास लिहून आणा हे जितकं छान वाटतं तितकंच ते जपून द्यायचं काम आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी एका वर्गाला सांगितलं होतं, चार पिढ्यांची माहिती लिहून आणा आणि वर्गात उभं राहून वाचा. एक मुलगी चार दिवस शाळेलाच आली नाही. पाचव्या दिवशी तिची आज्जी आली. मुलगी सेटलमेंटमधली होती. आता तू बाहेरची म्हणून सांगते, इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, काही जमातींच्या लोकांना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, तारेच्या कुंपणात बायकापोरांसकट ठेवलं, सोलापुरात त्यांची मोठी वसाहत होती आणि तिथले लोक मिलमध्ये राबत होते. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण त्या भागाला सोलापुरात आजही सेटलमेंटच म्हणतात. आज्जी मला म्हणाली, आमची रोज हजेरी घ्यायचे ओ बाई, तसलं काय लिहायचं व्हय वहीत? मी काय बोलणार. त्या दिवशी पुढच्या तासाला मस्टर उघडलं आणि माझ्याच्यानं नावं घेववेनात.

तेव्हापासून मी नियम केला, घरचं जे असेल ते विचारून या, पण वर्गात सांगायचं का नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं, नुसतं मला एकटीला सांगितलं तरी चालेल, नाहीच सांगितलं तरी मार्क कापणार नाही. आणि सेटलमेंटचा इतिहास मी स्वतः शिकवायला लागले, कुणाचं नाव न घेता, कायदा म्हणून, सरकारनं केलेली गोष्ट म्हणून. काही वर्षांनी त्याच भागातला एक मुलगा आपणहून उठून आपल्या पणजोबाबद्दल बोलला, वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. त्या मुलीला मात्र माझ्यामुळं चार दिवस घरी बसावं लागलं ते लागलंच.

आता ते रील. तू रागावलीस आणि पुढं गेलीस याचा तुला त्रास होतोय हे मला पत्रातून कळलं, पण त्या क्षणी दुसरं काही सुचणं कठीणच असतं, त्यामुळं स्वतःला फार बोल लावू नकोस. चूक पुढं होते, म्हणजे आपण ठरवतो की आता त्या रीलचाच पाठ घेऊ आणि ते कसं खोटं आहे ते दाखवू. असं करू नकोस. तो पोरगा ते रील घरातल्या कुणाच्यातरी मोबाईलवर बघून आलेला असणार, काकाच्या नाहीतर मोठ्या भावाच्या, तू रील पाडलंस म्हणजे त्याच्या दृष्टीनं तू त्याच्या काकाला पाडलंस, मग तो ऐकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी काका शाळेत येतो.

आधी अशी गोष्ट घे जिच्यात कुणाचंच घर दुखावणार नाही. आठवीच्या वर्गात विचार, सोलापूर नाव कसं पडलं? सगळे एका सुरात सांगतील, सोळा पुरं म्हणजे सोळा गावं एकत्र आली म्हणून सोलापूर. मी पण लहानपणी हेच पाठ केलं होतं. मग विचार, कशावरून? सोळा गावांची नावं सांगा. कोण दोन सांगेल, कोण चार. मग त्यांना सांग, १२ व्या शतकात आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या वेळी या गावाला सोन्नलगी म्हणायचे. मोहोळ तालुक्यातल्या कामतीच्या लेखात सोनलीपूर आहे, आपल्या भुईकोट किल्ल्यातल्या लेखात सोनलपूर आहे, इंग्रजांच्या कागदात शोलापूर. यातल्या एकातही सोळा नाही. पोरं म्हणतील, म्हणजे आम्हाला खोटं सांगितलं? तिथं घाई करू नकोस. खोटं कुणी सांगितलं नाही, जुन्या नावाचा अर्थ लोकांना लागेना झाला, तेव्हा कानाला जे ऐकू आलं त्याचा अर्थ त्यांनी बसवला, असं होतं, आपल्या प्रत्येक घरात होतं. माणूस खोटारडा नसतानाही गोष्ट चुकीची असू शकते. हे एवढं पोराला कळलं ना, की मग काकाला न दुखावता काकाचं रील तपासता येतं.

शाळेला सहल काढायची असेल तर लांब कुठं वॉटर पार्कला नेण्यापेक्षा हत्तरसंग कुडलला ने, भीमा-सीनेच्या संगमावर. तिथं शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी लेख आहे, आपल्या सोलापूरचे शिलालेख संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. आम्ही शिकलो तेव्हा पहिला मराठी लेख म्हणजे श्रवणबेळगोळ, असं एका वाक्यात उत्तर लिहायचो आणि एक मार्क घ्यायचो. नवीन दगड सापडला, नीट वाचला गेला, की पुस्तकातलं वाक्य बदलावं लागतं. पोरांनी तो दगड डोळ्यानं बघायला पाहिजे, त्यावर कितीही अक्षरं कळली नाहीत तरी.

मग पुढची पायरी, कशावरून हा प्रश्न आपल्याच गोड गोष्टीला विचारायचा. सोलापुरात आपण सगळे छाती फुगवून सांगतो की देश १९४७ ला स्वतंत्र झाला पण आमचं सोलापूर १९३० मध्येच तीन दिवस स्वतंत्र होतं, ९, १० आणि ११ मे. मी पण सांगते आणि मला त्याचा अभिमान आहे. पण पोरांना विचार, स्वातंत्र्य म्हणजे नक्की काय होतं त्या तीन दिवसांत? पोलीस गाव सोडून गेले होते आणि काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यावरची व्यवस्था बघत होते, एवढ्यावरून स्वातंत्र्य म्हणायचं का? कर कुणाकडं जात होता? टपाल कुणाचं होतं? स्टेशन कुणाच्या ताब्यात होतं? ते नाव त्या वेळच्या लोकांनी दिलं का नंतरच्यांनी? वर्ग दोन गटांत भांडू दे. आपल्या अभिमानाच्या गोष्टीला पण मॅडम कशावरून म्हणून विचारतात, हे ज्या पोरानं बघितलंय त्याला तू महिनाभरानं विचारलंस की हे रील कुणी बनवलं, त्याला हे कुठून कळलं, त्यात त्यानं साल, गाव, कागद काही दाखवलंय का नुसतं एआयचं चित्र आणि मागं ढोल आहे, आणि आपण हे फॉरवर्ड केल्यानं कुणाचा फायदा होतो, तर तो तुझ्यावर चिडणार नाही. सुरुवात तू स्वतःच्या दारापासून केलेली त्यानं बघितलेली असेल.

आणि ते तुमचे लोक, आमचे लोक. यावर किल्ला वापर, रोज बागेत फिरायला जातात तोच. हा किल्ला अहमदनगरच्या निजामशाहीचा का विजापूरच्या आदिलशाहीचा यावरून दोन सुलतान वर्षानुवर्षं लढले. चांदबिबीचं लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झालं तेव्हा हा किल्ला हुंड्यात गेला, आणि नंतर पुन्हा त्याच्यावरूनच लढाया. पोरांना हुंड्याची गोष्ट भयंकर आवडते, अख्खा किल्ला हुंड्यात! मग विचार, दोघंही मुसलमान, मग भांडण कसलं? आणि शहाजीराजे आधी निजामशाहीत होते, नंतर आदिलशाहीत, मग ते कुणाचे लोक? पोरं गोंधळतील. गोंधळू दे. तेव्हाची माणसं आपल्या आजच्या खणांत बसत नाहीत एवढं त्यांना जाणवलं तरी खूप झालं. याचा अर्थ तेव्हा सगळे गुण्यागोविंदानं राहत होते असं गोड गोड पण सांगू नकोस, देवळं पडली, गावं लुटली गेली, माणसं मारली गेली, जे पुराव्यानं आहे ते आहे म्हणूनच सांगायचं. पण कुणी केलं याचं उत्तर नावानं द्यायचं, त्या राजानं, त्या सरदारानं, त्या साली. शेजारच्या बाकावर बसलेल्या १३ वर्षांच्या पोराचं नाव त्यात कुठंच नसतं.

आठवीच्या पुस्तकात सविनय कायदेभंगाच्या धड्यात सोलापूरचा एक परिच्छेद आहे. आपल्या गावाचं नाव पुस्तकात येतं तो तास, आणि बहुतेक ठिकाणी तो सात मिनिटांत उरकतात, कारण पेपरला त्यावर फार तर एखादी टीप येते. माझं मागणं आहे, तू त्याला तीन तास दे.

पहिल्या तासाला तो परिच्छेद नुसता वाच आणि पोरांना विचार, यात कोण कोण दिसतं आणि कोण दिसत नाही? गांधीजींना मे १९३० मध्ये अटक झाली, सोलापुरात हरताळ झाला, मिलचे कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला, शंकर शिवदारे गेले. लोक भडकले, मंगळवार पेठेच्या चौकीवर चालून गेले, पोलीस मारले गेले, कोर्ट जाळलं. १२ मेला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल लागला तो ३० जूनपर्यंत. मग मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे, चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मुसलमान, एक मराठा, हे तुझ्या त्या दोन पोरांच्या वर्गात तू तोंडानं सांगू नकोस, चार नावं फळ्यावर एकाखाली एक लिही फक्त, पोरं वाचतात.

एका वर्षी याच तासाला एक मुलगा उठून म्हणाला होता, बाई, ते पोलीस पण आपल्याच गावचे असतील की. वर्गातली दोन-चार पोरं त्याच्यावर ओरडली, बस खाली म्हणाली. मी त्याला बसू दिलं नाही. कारण तो बरोबर होता, पोटासाठी खाकी घातलेली इथलीच माणसं ती. आणि गांधीजींची चळवळ तर अहिंसेची होती, मग सोलापुरात असं का झालं? गोळीबार आधी झाला का नंतर, याचा क्रम का महत्त्वाचा आहे? सरकारनं आपली हकीगत लिहिली, काँग्रेसनं आपली लिहिली, दोन्हीत एकच दिवस आहे पण दिवस सारखा दिसत नाही. दुसरा तास यासाठीच ठेव. वर्गाचं कोर्ट कर. त्या चौघांनी पोलिसांना मारलं असं कोर्टानं मानलं, सोलापूरनं ते कधीच मानलं नाही. पुरावा काय होता, साक्षीदार कोण, मार्शल लॉ चालू असताना साक्ष द्यायला कोण कुणाच्या बाजूनं उभं राहील? पोरांना कोर्ट फार आवडतं, टीव्हीवर बघून त्यांना ऑब्जेक्शन वगैरे सगळं येतं, पण इथं ऑब्जेक्शन घेतलं की कारण द्यावं लागतं, आणि तिथंच ती इतिहास शिकतात. हुतात्म्यांबद्दलचा आदर यानं कमी होत नाही, माझा अनुभव उलट आहे, भाषणात जो आदर असतो तो दोन दिवसांत विरतो, आणि शोधून बसलेला राहतो. माझे तेव्हाचे विद्यार्थी आज चाळिशीत आहेत, चार पुतळ्यावरून, म्हणजे या चौघांचे पुतळे आहेत त्या चौकातून, गाडी नेताना स्पीड कमी करतो असं मला एकानं भर लग्नात येऊन सांगितलं होतं.

तिसरा तास चालण्याचा. पोरांना घेऊन बाहेर पड. जाताना बाळीवेस लागली तर थांब, इथं वेस कुठंय विचार. तुळजापूर वेस, विजापूर वेस, रोज रिक्षावाल्याला सांगतात, वेस म्हणजे गावाचा दरवाजा हे निम्म्यांना माहीत नसतं. पूर्व भागातल्या चौकांना तेलुगू आडनावं का आहेत, लष्कर नावाच्या भागात लष्कर कधी होतं, डफरीन चौकातली डफरीन कोण, हे सगळं पायाखाली पडलेलं आहे, त्याला बजेट लागत नाही, बस लागत नाही. पालकांची चिठ्ठी आणि सोबतीला अजून एक शिक्षक, बास.

हेडमास्तर सरांशी भांडू नकोस. तू शिक्षण सेवक आहेस, कायम व्हायला तीन वर्षं पूर्ण व्हायचीत, हे मी विसरलेली नाही. त्यांच्यावर रिझल्टचा ताण असतो तो खरा असतो. त्यांच्याकडं वर्षाचे फक्त सहा तास माग, सहामाहीच्या आत तीन आणि नंतर तीन, लिहून दे की पोर्शन या या तारखेला संपेल. आणि त्यांना पुस्तक उघडून दाखव. आठवीचा पहिलाच धडा इतिहासाची साधने आहे, दहावीचे पहिले दोन धडे इतिहासलेखनावर आहेत. म्हणजे पुरावा कसा तपासायचा हे बोर्डानंच सांगितलंय, आपण मात्र त्यातून व्हॉल्टेअर, रांके, फुको ही नावं गाळलेल्या जागांसाठी पाठ करून घेतो. शिलालेखाचा पाठ किल्ल्यात घेतला तर तो पोर्शनच झाला, वेगळं काही झालं नाही. प्रश्नोत्तरं पण दे, ती बंद करू नकोस, इतिहास आणि राज्यशास्त्राचा पेपर ४० मार्कांचा आहे आणि तुझ्या वर्गातल्या पोरांना ते मार्क दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त गरजेचे आहेत, त्यांच्या घरी नापास झालं तर पुन्हा बसवत नाहीत, कामाला लावतात. माझा अनुभव असा की ज्या धड्यावर पोरं भांडलेली असतात त्याची उत्तरं लिहून द्यायला निम्मा वेळ लागतो.

एक गोष्ट राहिली. तुला तेलुगू येत नाही, कन्नड येत नाही, इथलं काही माहीत नाही म्हणून तू बिचकत असशील तर पोरांना तसं सांगून टाक, मी लातूरची आहे, मला तुमचं गाव तुम्ही दाखवा. सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये आहेत, वर्गातली जी मुलगी कधीच तोंड उघडत नाही तिच्या आज्जीला त्यातली दोन पाठ असण्याची शक्यता फार मोठी आहे.

आता सुट्टी संपेल, मग दीड-दोन महिन्यांत १२ जानेवारी येईल. त्या दिवशी गावात गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेची गडबड असते, गर्दी असते, त्यामुळं सकाळी लवकर निघा, आठच्या आत चार पुतळ्यापाशी पोचा, हार घालायला पुढारी यायच्या आधी. त्या दोन पोरांना एका बाकावर बसवायची घाई करू नकोस. तिथं पोचल्यावर दोघांना मिळून एकच काम दे, एकानं नावं मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं वहीत उतरवून घ्यायची. आणि तुझ्या पॉवरलूमवाल्याची आज्जी काय म्हणाली ते मला लिहून पाठव, कुठल्या गावाहून आले, आणि कुणाबरोबर.